खोललेलं इंजिन

सातपूरच्या अलीकडे, त्र्यंबक रोडला लागून झिपरूशेठचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे तेलाने काळी पडलेली मोकळी जागा, फाटकाशी एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली पाण्याचा नळ. शेठचा सगळा धंदा एका वाक्यावर चालायचा. आधी खोलू, मग बोलू.

गाडी आत आली आणि मालकाने भीतभीत विचारलं, "काय झालं असंल, शेठ?" की झिपरूशेठ पान या गालातून त्या गालात सारायचा आणि म्हणायचा, "पोट उघडल्याबिगर डॉक्टरला तरी काय कळतं?" ऐकायला रास्त वाटायचं. गिऱ्हाईक मान डोलवायचं, भिकन मिस्त्री पाना घेऊन बसायचा आणि चहा येईपर्यंत इंजिन गोणपाटावर सुटं होऊन पडायचं. बोलणं त्यानंतर. मग शेठ सांगेल तो आकडा, कारण सुटं इंजिन पोत्यात भरून घरी नेणारा माणूस नाशकात अजून जन्मला नव्हता. त्या आकड्याला शेठ 'एस्टिमेट' म्हणायचा, आणि हा शब्द असा लाडाने उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला काहीतरी मिळणारच आहे.

ज्यांना एस्टिमेट झेपायचं नाही, त्यांच्यासाठी शेठकडे दुसरी सोय होती. "मग गाडी मलाच देऊन टाका. भंगाराचे काय होतील ते घ्या." शेडच्या मागे अशा चार गाड्या होत्या. नवा रंग लावून त्या शेठच्या नावाने भाड्याने फिरत होत्या. भंगार इतकं चांगलं पळतं, हे तिथेच बघायला मिळायचं.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात या गॅरेजात भीमवाडीच्या रंगनाथचा तीनचाकी टेम्पो गेला. रंगनाथ भला माणूस. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. त्याची बायको वत्सलाबाई डबे करायची आणि तो ते टेम्पोत घालून सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर पोचवायचा. टेम्पो बँकेच्या कर्जावर घेतलेला, निळा, समोर पांढऱ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिलेला. सुरुवातीला डबा कुणाच्या हातचा म्हणून चौकशी करणारेही होते. वत्सलाबाईची वांग्याची भाजी एकदा पोटात गेल्यावर चौकशा थांबल्या. पण डबा वेळेवर पोचला तरच डबा. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि डबा आला नाही, तर उपाशी माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पैसे भरतो. टेम्पो गेला असता, तर वत्सलाबाईची चूलच गेली असती.

त्या दिवशी टेम्पो धूर ओकू लागला आणि शेठच्या फाटकासमोरच थांबला. दुर्दैवालाही जागा बरोबर सापडते. संध्याकाळी रंगनाथ रिकामे डबे घेऊन बसने घरी आला तो तोंड पाडूनच.

"क्रँक गेला म्हणतो. ब्लॉक गेला, पिस्टन गेला, पंपसुद्धा गेला. साडेचार हजार."

"मग राहिलं काय टेम्पोत?" वत्सलाबाईने विचारलं.

"हॉर्न चांगला हाय म्हणाला."

वत्सलाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? इंजिन सगळं गोणपाटावर पडलंय. नाय झेपलं तर विकत घेतो म्हणाला. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो." शेवटचं वाक्य बोलताना रंगनाथने जमिनीकडे बघितलं. वत्सलाबाई सगळं समजली. हा उद्या जाऊन हो म्हणून येणार होता.

दुसऱ्या दिवशी डबे हातगाडीवरून गेले. निम्मे उशिरा पोचले, वरण सांडलं, एका खात्यातली माणसं पाव खाऊन कामाला लागली. त्याच दुपारी वत्सलाबाई नवऱ्याला घेऊन नाशकातल्याच द्वारका भागातल्या गॅरेजांत फिरली. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणीही नाही. तिसऱ्या गॅरेजचा म्हातारा मिस्त्री बोलायला चांगला होता. त्याने बसायला स्टूल दिलं, धुराचा रंग विचारला, आणि मग म्हणाला, "काम मोठं वाटत नाय. पिस्टनच्या रिंगा बदलायच्या असतील. पण खोललं कुणी?"

"झिपरूशेठनं."

म्हाताऱ्याने हात झटकले. "मग आमच्या कामाचं नाय, ताई. दुसऱ्यानं खोललेलं इंजिन म्हणजे उष्टं. आम्ही त्याला शिवत नाय. धंद्याचा नेम हाय."

तो वाईट बोलला नव्हता. सगळेच मिस्त्री हा नेम पाळायचे. एकाने खोललेलं दुसऱ्याने बसवायचं नाही, नाहीतर उद्या बिघडलं की दोष कुणाचा यावर डोकी फुटतात. पण उष्टं आणि शिवत नाही, हे दोन शब्द वत्सलाबाईच्या कानात तापल्या तेलासारखे गेले. येवल्याकडच्या तिच्या माहेरच्या गावात ती लहानपणी विहिरीच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभी राहायची, वरून कुणी पाणी ओतेल म्हणून. ते दिवस संपले म्हणून ती शहरात आली होती. आणि इथे माणसांचा विटाळ संपवून लोकांनी तो इंजिनाला लावला होता. तिला इतका संताप आला की घरापर्यंत ती रंगनाथशी एक शब्द बोलली नाही.

घरी ओट्यावर तिचा सासरा देवराम बसला होता. वस्तीत त्याला सगळे आबा म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. तरुणपणी तो काळारामाच्या देवळापुढच्या सत्याग्रहात बसला होता. तापलेल्या दगडावर बसून बसून कातडी कशी सोलवटली, हे त्याने सुनेला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला तो दगड ओळखीचा झाला होता. तिने त्याला गॅरेजची गोष्ट सांगितली.

"आबा, टेम्पो आपला, इंजिन आपलं. पण शेठ बसवून देत नाय आणि दुसरा हातात घेत नाय. करायचं काय?"

आबाने तंबाखू मळली. "बसायचं," तो म्हणाला.

"बसून काय होतं? तुम्ही वर्षानुवर्षं बसलात. दार उघडलं का?"

"नाय उघडलं," आबा शांतपणे म्हणाला. "म्हणून तर मग आम्ही त्या देवाचाच नाद सोडला. पण पोरी, आम्ही बसलो तवा साऱ्या मुलखाला कळलं की दार बंद हाय. तोवर सगळ्यांना वाटायचं, उघडंच हाय, हेच लोक आत येत नायत." त्याने तंबाखू ओठात धरली. "बसणाऱ्याचं काम दार उघडणं नसतं. दार बंद हाय हे दाखवणं असतं. आणि उठायचं नाय, एवढंच."

सकाळी पहिल्या बसने वत्सलाबाई गॅरेजात हजर झाली. सोबत दोन स्टोव्ह, पीठ, भाजी, पातेली आणि रंगनाथ, जो पातेल्यांहूनही गप्प होता. निळा टेम्पो शेडच्या पुढे उभा होता. त्याचा मागचा हौदा तिने झाडून घेतला, त्यात पोतं अंथरलं आणि स्टोव्ह पेटवला.

झिपरूशेठ आला तेव्हा भाजीला फोडणी बसत होती. शेठ मूळचा नामपूरकडचा. राग आला की त्याची अहिराणी बाहेर पडायची. "आठे काय खानावळ शे का?"

"नाय, शेठ. माझा टेम्पो हाय, त्यात बसलेय," वत्सलाबाई म्हणाली. "डबे पोचवायला गाडी नाय, तर डब्यांनाच गाडीपाशी आणलं. गाडी चालू झाली की मी चालले."

"एस्टिमेट सांगितलंय ना? ते भरा."

"ते तुम्ही खोलल्यावर सांगितलंत. बंद करा, जसं होतं तसं, धूर ओकणारं. मग सांगा."

शेठने असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. त्याने दोन माणसांना हाक मारली आणि टेम्पो ढकलून रस्त्यावर काढायला सांगितलं. "तुमनी गाडी शे, लई जा."

तेव्हा भिकन मिस्त्री पाना पुसत पुढे आला. तो शेठचा जुना माणूस, फार कमी बोलणारा. "शेठ, उघडं इंजिन फाटकाबाहेर नका काढू," तो हळूच म्हणाला. "खोलता येतं, बसवता येत नाय, असं म्हणतील. द्वारकेचे मिस्त्री वर्षभर हसतील आपल्याला."

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या नेमात त्याने शंभर गिऱ्हाइकं अडकवली होती, त्याच नेमाने त्याचा पाय धरला होता. खोललेलं इंजिन दुसरा शिवत नाही हे खरं, तसंच खोलणाऱ्याला ते तसंच टाकताही येत नाही, हेही खरं. आजवर कुणी बसून राहिलं नव्हतं म्हणून नेमाची ही बाजू कुणाला दिसली नव्हती. वत्सलाबाईने भाकरी उलटली.

दुपारी भोंगा झाला आणि सातपूरच्या कारखान्यांतून सायकली आल्या. ज्यांना फाटकाबाहेर पडता येत नव्हतं, त्यांचे डबे दुसऱ्यांनी हँडलला लावले. रोज कारखान्याच्या भिंतीला टेकून जेवणारे लोक लिंबाखाली पंगत धरून बसले. जेवताना माणूस बोलतोच. टेम्पोला काय झालं, किती सांगितले, काय काय गेलं म्हणाला, सगळं ताटाताटांतून फिरलं. यादव नावाचा एक टर्नर होता, हसरा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. तो मोठ्याने म्हणाला, "क्रँक, ब्लॉक, पिस्टन, पंप एका दिवशी गेले? घरात साथ आली म्हणायची." पंगत हसली. शेडमध्ये शेठने रेडिओ मोठा केला.

खरी कुरबुर गिऱ्हाइकांवरून सुरू झाली. पेठ तालुक्यातला एक जीपवाला आत शिरला, तेव्हा वत्सलाबाईने पीठ मळता मळता नुसतं म्हटलं, "दादा, आधी आकडा विचारा. मग पाना लावू द्या." त्याने गोणपाटावरचं इंजिन बघितलं, टेम्पोतली बाई बघितली, आणि शेठला आकडा विचारला. शेठ पोटाची आणि डॉक्टरची गोष्ट सांगू लागला. जीपवाला म्हणाला, "डॉक्टरसुद्धा आधी नाडी बघतो," आणि जीप वळवून गेला. नंतर स्कूटरवाला एक क्लार्क आला, तोही विचारून गेला.

"बाई, तुम्ही माझं गिऱ्हाईक तोडता," शेठ म्हणाला.

"मी कुठं तोडते? बोलायला सांगते. बोलून गिऱ्हाईक तुटत असंल, तर ते कशानं जोडलं होतं ते तुम्ही बघा."

तिसऱ्या प्रहरी नळाला कुलूप लागलं. रंगनाथच्या तोंडचं पाणी पळालं. पातेली घासायची होती, पीठ मळायचं होतं. तो म्हणाला, "चल, झालं एवढं पुरे. लोक बघतायत." वत्सलाबाईला मात्र हसू आलं. तिच्या लोकांचं पाणी बंद करून त्यांना वाकवायला निघालेला झिपरूशेठ काही पहिला नव्हता. आणि आधीच्यांचं काय झालं, ते तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सायकलींच्या हँडलला डबे नव्हते, कळशा होत्या. कारखान्याच्या टाकीतलं, घरचं, देवळाजवळच्या हापशाचं, कुणाकुणाकडून पाणी आलं. कुणाच्या हातचं, हे वत्सलाबाईनेही विचारलं नाही. तिने सगळं एका पिंपात ओतलं. ओतताना मात्र तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसले नाहीत. धुरामुळे झालं म्हणायची सोय होती, पण तिने तेही म्हटलं नाही.

मग शेठ खाली यायला लागला. आधी पाचशे सोडले, मग हजार. एका सकाळी तो स्वतः चहा घेऊन आला. "जाऊ द्या, वहिनी. निम्मे द्या. तुमच्यासाठी."

रंगनाथचा जीव भांड्यात पडला. त्याने बायकोला बाजूला घेतलं. "निम्मे झाले. घे आता मिटवून. किती दिवस असं रस्त्यावर चूल मांडायची?"

"अहो, निम्मे कमी केले म्हणजे ते निम्मे खोटे होते," वत्सलाबाई म्हणाली. "मग राहिलेले निम्मे खरे कशावरून? मला खोट्यातलं निम्मं नको. काय गेलंय ते दाखवू दे, तेवढ्याचे मी मोजून देते." आणि मग ती नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्हाला लाज वाटती ना माझी, इथं बसलेय म्हणून?"

ते बोलणं रंगनाथला लागलं. तो लिंबाखाली जाऊन एकटाच बसला. त्याला लाज वाटत होती हे खरं होतं. ती कशाची, हे त्याला तोवर नीट कळलं नव्हतं.

त्या दुपारी पंगत बसलेली असताना वत्सलाबाई शेडच्या तोंडाशी गेली. "शेठ, गेलेला क्रँक दाखवा."

"तो भंगारात गेला."

"जुना पार्ट मालकाचा असतो. भंगारवाला कोण ते सांगा, मी जाऊन आणते. तोवर हे सगळे बसतील."

"कुठला भंगारवाला आता लक्षात राहतो? रोज येतात."

तेवढ्यात रंगनाथ उठला. हातातली भाकरी ताटात ठेवून तो शेडमध्ये शिरला. भांडण बघून रस्ता बदलणारा माणूस, पण त्या दिवशी तो थेट भिकनपुढे जाऊन उभा राहिला. "भिकनभाऊ, तुम्ही खोललंय. माझा क्रँक कुठाय?"

भिकन हातातला पाना पुसत राहिला. शेठचं मीठ तो वर्षानुवर्षं खात होता. पण त्याची नजर एकदा कोपऱ्यातल्या बाकड्याखाली गेली आणि परत आली. रंगनाथ वाकला. बाकड्याखालून तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू त्याने ओढून काढली, आणि इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता छातीशी धरून बाहेर उजेडात आणली. फडकं सोडलं. क्रँक, इंजिन फिरवणारा तो जड दांडा, चकचकीत पुसून ठेवलेला होता. भंगारात जाणाऱ्या वस्तूला कुणी इतकं जपत नाही.

"हा माझा," रंगनाथ म्हणाला. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "याला काय झालंय ते सांगा, शेठ. सगळ्यांसमोर सांगा."

क्रँक हातोहात फिरला. यादवने तो चष्म्याजवळ नेऊन फिरवला आणि शेठपुढे धरला. झिजेची एक रेघही त्यावर नव्हती. शेठने पान थुंकलं, पंगतीकडे पाहिलं, फाटकाशी थबकलेल्या दोन नव्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"भिकन," तो शेवटी म्हणाला, "बसव रे ते."

रिंगा नव्या घातल्या, बाकी होतं ते होतं तसं बसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो धूर न ओकता सुरू झाला. वत्सलाबाईने रिंगांचे आणि मजुरीचे पैसे मागितले तेवढे दिले, आणि भिकनच्या हातात गरम भाकरीचा डबा दिला. झिजलेल्या जुन्या रिंगा मागून घेऊन तिने पदराच्या गाठीत बांधल्या. नळाचं कुलूप आदल्या दिवशीच निघालं होतं.

"परत आठे येऊ नका," झिपरूशेठ म्हणाला.

"बिघडला की येणार, शेठ. जवळ तुमचंच गॅरेज हाय," वत्सलाबाई म्हणाली. "पण आधी बोलू."

ही हकिगत पंगतीतून कारखान्यांत गेली आणि कारखान्यांतून गावभर झाली. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस मल्हारी नावाचा रिक्षावाला भीमवाडीत घर विचारत आला. ओळख ना पाळख. ओट्याशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. नाशिकरोडच्या एका गॅरेजात त्याची रिक्षा होती, एस्टिमेट ऐकून त्याची झोप उडाली होती, आणि मालक म्हणत होता, नाही झेपलं तर मलाच देऊन टाक.

वत्सलाबाईने एकच विचारलं, "खोललंय, का खोलायचंय?"

"खोललंय, वहिनी."

तिने रंगनाथकडे बघितलं. तो काही न बोलता उठला आणि दोन्ही स्टोव्ह टेम्पोत ठेवून आला. मग त्याने किल्ली घेतली. डब्यांना आता गाडी होती, पण बसायचं तर चूल लागतेच.

ओट्यावर आबा काठी चाचपत होता. "मी पण येतो," तो म्हणाला.

"आबा, तुम्हाला बसवंल का इतका वेळ?"

"बसायचीच सवय हाय मला," आबा म्हणाला. "गोणपाट मात्र दोन घ्या. मागच्या खेपेला दगड लय तापला होता."